आमदाराचा बिल्ला

लोटू टाइमकीपर मला कधी आवडला नाही. त्याच्याविषयी सांगायला बसलोय म्हणून आता गोड बोलावं, असंही मला वाटत नाही. सुरतेतल्या पांडेसऱ्यात, आमच्या डाइंग मिलमध्ये शेकड्यांनी माणसं कामाला होती, पण लोटूला चहा पाजेल असं त्यात एक नव्हतं. तो आमच्याच खान्देशातला, अमळनेरकडचा. राहायला नवागामला, माझ्या घरापासून चार घरं सोडून. दिवाळीत त्याच्या घरी फराळाचं ताट जायचं ते त्याच्या बायकोकडे, कलाबाईकडे बघून.

मिलच्या फाटकाशी एक पत्र्याचा काळा फळा होता. त्यावर खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्याखाली नंबर. कामगारानं यायचं, आपला पितळेचा बिल्ला आपल्या नंबरच्या खिळ्याला अडकवायचा आणि आत जायचं. पाळीचा भोंगा थांबला की लोटू फळ्यावर जाळीचं झाकण ओढून कुलूप घाली. खिळा रिकामा तर पाळी गेली, खाडा पडला. माणूस फाटकाच्या पलीकडे हात जोडून उभा असला तरी लोटू त्याच्याकडे न बघता म्हणे, "भोंगा झाला." बस, दोनच शब्द. गळ्यापर्यंत बटणं लावलेला खाकी शर्ट, मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ, आणि चेहरा असा की सकाळी सकाळी कुणी त्याच्या तोंडात कारलं कोंबलंय. शेठ कधी कुणाला वाईट बोलला नाही. त्याला बोलायची गरजच नव्हती, त्याच्याकडे लोटू होता.

उखा कापड रंगवायच्या जिगर मशीनवर होता. उंचापुरा, तोंडाळ, लोटूची नक्कल करण्यात पटाईत. जेवणाच्या सुट्टीत तो शर्टाची वरची बटणं लावून "भोंगा झाला" म्हणायचा आणि आम्ही हसून हसून लोळायचो. त्याची बायको मंदा घरी बसून साड्यांचे धागे कापायची. आमच्या गल्लीतलं एवढं एकच घर होतं, जिथं नवरा-बायको एकमेकांशी बोलताना भिंतीपलीकडे हसू ऐकू यायचं.

नवागामहून पांडेसऱ्याला जायचं तर रेल्वेचे रूळ ओलांडावे लागत. मालगाडी सिग्नलला उभी राहिली की तासभर हलायची नाही. मग लोक डब्यांखालून सरपटत पलीकडे जात. बाया जात, डबेवाले जात, सगळेच जात. नव्वदच्या निवडणुकीत दलसुखभाई नावाचे उमेदवार आमच्या चौकात येऊन, माइक हातात धरून म्हणाले होते, "पहिलं काम पुलाचं. हा माझा शब्द आहे." आम्ही त्यांना भरभरून मतं दिली. ते आमदार झाले. पूल झाला नाही.

त्र्याण्णव साल संपत आलं होतं. थंडी होती, धुकंही. मालगाडी उभी होती आणि मिलचा पहिला भोंगा झाला होता. आम्ही बरेच जण डब्यांखालून निघालो. उखा शेवटी होता. गाडीनं हिसका दिला. एवढंच मी सांगतो. पुढचं मी पाहिलं आहे, आणि ते कुणी ऐकू नये.

दुसऱ्या दिवशी मंदा मिलच्या फाटकावर आली. मोकळे केस, अनवाणी, मागं गल्लीतल्या बाया. लोटू फळ्याशी उभा होता. तिनं त्याची कॉलर धरली. "गाडीनी नही, तुन्हा कुलूपनी मारं त्याले! दोन मिनिट थांबता तर तुन्ही गादी जाती का रे?"

दुसरा कुणी असता तर त्यानं खाली बघितलं असतं, हात जोडले असते. लोटूनं कॉलर सोडवून घेतली आणि म्हणाला, "गाडीखालून जा असं मी सांगेल व्हतं का?"

त्या दिवशी त्याला तिथंच कापला असता लोकांनी. वॉचमननं फाटक ओढलं म्हणून वाचला.

पण शिक्षा झाली ती कलाबाईला. नळावर तिचा हंडा रांगेतून उचलून मागं ठेवू लागले. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवेना. किराणावाला सुद्धा तिला सगळ्यांच्या शेवटी माल देई. ती आधीच अबोल बाई, आणखी आत आत गेली. एक दिवस तिनं ट्रंक भरली आणि दारात ठेवली. लोटूला म्हणाली, "पुलाचं काहीतरी करा. नाहीतर मी गावाला जाते ती जातेच."

"पूल मी बांधू?"

"ज्यानं शब्द दिला त्याच्या दारात जाऊन बसा. लोकांना दिसू तर द्या, की तुम्हाला काही वाटतं."

लोटूला काही वाटत होतं की नाही, देव जाणे. मला वाटतं, आपल्यावरचा ठपका दुसऱ्याच्या माथी मारायची वाट त्याला त्या क्षणी दिसली. पुढं जे झालं त्यात त्याचा मोठेपणा बघणारे पुष्कळ निघाले. मी शेजारी राहत होतो. त्या माणसात राग होता, मोठेपणा नव्हता.

सुट्टीच्या दिवशी तो उधना रोडवरच्या आमदाराच्या ऑफिसात गेला. तिथं गजेंद्र बसायचा. हा आमच्याच लोकांतला पोरगा, पांढरे कपडे, राजदूत मोटारसायकल, आणि बोलण्यात गुळाची ढेप.

"लोटूकाका, साहेब गांधीनगरला गेलेत. विधानसभा चालू आहे ना."

पुढच्या सुट्टीला परत तेच. त्याच्या पुढच्या सुट्टीला लोटूनं बगलेतून गुजराती पेपर काढला. त्याला गुजराती वाचता यायचं.

"विधानसभा मंगळवारीच उठली."

गजेंद्र जरा गडबडला. "मग दौऱ्यावर असतील."

"कुठल्या?"

"मतदारसंघाच्या."

"मी उभा आहे हा कुठला मतदारसंघ आहे?"

गजेंद्रनं त्याला चहा मागवला. लोटूनं प्यायला नाही.

मार्चात, विधानसभा पुन्हा भरल्यावर, लोटूनं रजा टाकली. त्याच्या सगळ्या नोकरीतली ती पहिली रजा. मिलमध्ये बातमी फिरली की लोटू मेला. तो अहमदाबादची गाडी पकडून, तिथून एसटीनं गांधीनगरला पोचला. दुसऱ्याच कुठल्या आमदाराच्या माणसाला गाठून त्यानं प्रेक्षकांच्या गॅलरीचा पास काढला आणि आत जाऊन बसला. हे मला त्यानंच नंतर सांगितलं. त्याआधी इतक्या वर्षांत तो माझ्याशी धड एक वाक्य बोलला नव्हता.

"खाली खुर्च्याच खुर्च्या," तो म्हणाला. "माणसं कमी. एक जण भाषण करतोय, दोघं झोपलेत, बाकीचे गप्पा मारतायत. मी शिपायाला विचारलं, दलसुखभाईंची खुर्ची कुठली? त्यानं बोट दाखवलं. रिकामी. म्हणाला, सकाळी सही करून गेले. मी सभा उठेपर्यंत बसलो. खुर्ची रिकामीच. मग त्यांच्या क्वार्टरवर गेलो. तिथला माणूस म्हणतो, साहेब तो सुरत में हैं, मतदारसंघ में बहुत काम रहता है उनको. इथं येऊन गजेंद्रला विचारलं, तर म्हणतो गांधीनगरला."

मी हसलो. लोटू हसला नाही. "सही करून निघून गेला," तो परत म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी पेटलेलं पाहिलं. मिलमध्ये दुसऱ्याचा बिल्ला लावताना कुणी सापडला की लोटूचा चेहरा असा व्हायचा. त्याच्या मते त्याहून मोठं पाप जगात नव्हतं.

आठवडाभरात नवागामच्या चौकात, चहाच्या टपरीशेजारच्या खांबाला, एक काळा पत्रा टांगलेला दिसला. वर पांढऱ्या रंगात आमदारांचं नाव. खाली एकच खिळा. शेजारी दोरीला बांधलेला एक पितळी बिल्ला. लोटूनं स्वतः रंगवला होता. रोज संध्याकाळी पाळी सुटली की तो तिथं उभा राही आणि येईल त्याला विचारी, "आज आमदार कुणाला दिसला?" दिसला म्हटलं तर कुठं, काय करत होता, किती वेळ, सगळं खोदून काढी. मग एकतर खिळ्याला बिल्ला अडकवी, नाहीतर खडूनं लिही: खाडा.

लोकांना मजा वाटू लागली. संध्याकाळी टपरीवर गर्दी होई.

"लोटूभाऊ, लग्नाला आले तर?"

"जेवायला येणं म्हणजे काम नव्हे."

"मयतीला?"

"मयतीला आला तर लावीन."

"उद्घाटनाला?"

"नारळ फोडून गाडीत बसला तर नाही. थांबून कुणाचं ऐकून घेतलं तर लावीन."

"आणि घरी बसून फोनवर कुणाचं काम करून दिलं तर?"

"ज्याचं केलं त्यानं इथं येऊन सांगावं. लगेच लावतो."

कुणी आलं नाही असं नाही. एका म्हाताऱ्यानं येऊन सांगितलं की साहेबांच्या चिठ्ठीवर नातवाला शाळेत घेतलं. लोटूनं तिथल्या तिथं बिल्ला लावला. एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं, तो लबाडी करत नव्हता. पण असे दिवस थोडे. आठवडेच्या आठवडे खिळा रिकामा राही, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण तो रिकामा खिळा बघून जाई.

गजेंद्र दोनदा गोडीनं आला. "काका, लोक हसतात. काढा हे."

"साहेबांना घेऊन ये. माझ्या हातानं बिल्ला लावतो."

तिसऱ्या खेपेला गजेंद्र आला नाही, चार पोरं आली. पत्रा लाथा मारून चेपला, रस्त्यात टाकला. लोटूनं दुसरा केला. त्यावर डांबर फासलं. त्यानं तिसरा केला आणि साखळीनं खांबाला बांधून कुलूप घातलं. आम्ही टपरीवर बसून गंमत बघत होतो. लोटूची बाजू घ्यावी असं कुणालाच वाटत नव्हतं. आमच्यातला एक जण बोललाच, "दोन कुत्री भांडतायत, आपण कशाला मधे पडा?"

त्याच साली पावसाळ्यानंतर शहरात प्लेगची हाकाटी झाली. सुरत दोन-चार दिवसांत रिकामं झालं. तोंडाला रुमाल बांधून आम्हीही भुसावळकडच्या गाडीला लोंबकळलो. लोटू गेला नाही, मिलवर कुणीतरी राहायला हवं होतं म्हणून शेठनं त्याला ठेवलं. कलाबाईही राहिली. आम्ही परतलो तेव्हा चौकातल्या पत्र्यावर रोजचा खाडा मांडलेला होता. वाचायला माणूस नव्हतं तरी हा रोज येऊन लिहून गेला होता. मधल्या एका दिवशी मात्र बिल्ला लावल्याची खूण होती. त्या दिवशी म्हणे पेपरात फोटो आला होता, कुणा मंत्र्याबरोबर दलसुखभाई तोंडावर फडकं धरून उभे. लोटूनं तेवढी हजेरी दिली होती. त्या पत्र्याकडे बघून पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. प्रत्येकाला आठवत होतं, त्या दिवसांत आपण मदतीसाठी कुणाकुणाच्या नावानं हाका मारल्या होत्या आणि कुणीच आलं नव्हतं.

पंचाण्णवच्या निवडणुकीआधी दलसुखभाई स्वतः नवागामला आले. चौकात मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर. माणूस मोठा हुशार. पत्र्याकडे दुर्लक्ष करतील असं आम्हाला वाटलं होतं, पण त्यांनी सुरुवातच तिथून केली. मोडक्या मराठीत, हिंदी-गुजराती मिसळून.

"भाईओ, माझी हजेरी कोण घेतो? लोटूभाई. अच्छा आहे. पण मला सांगा, तुमची हजेरी कोण घेत होता? लोटूभाईने कुलूप लावलं म्हणून ज्याची पाळी कधी गेली, त्याने हात वर करा."

आधी कुणी हललं नाही. मग एक हात वर झाला, मग दहा, मग सगळा मांडव हातांनी भरला. माझाही होता. खोटं कशाला, पाळी गेलीच होती माझी.

"हा मालकाचा माणूस," दलसुखभाई म्हणाले. "तुमची रोटी कापणारा. मी खुर्चीवर बसून राहिलो नाही, कबूल. माझं काम चोवीस तास चालतं, ते खिळ्यावर लटकत नाही. आणि याने काय केलं ते मी नाही सांगत. ते ही आपली बहेन सांगेल."

गजेंद्रनं मंदाला स्टेजवर आणलं. तिला शिलाई मशीन द्यायचं कबूल केलं होतं, ते मशीन हार घालून स्टेजवरच ठेवलं होतं. लोटू मांडवाच्या कडेला, खांबाला टेकून उभा होता. मंदानं माइक धरला.

"ह्या मानूसनी मन्हा घरनं कुकू पुसं," ती लोटूकडे बोट करून म्हणाली. मांडवातून शिट्ट्या, शिव्या. "त्याले मी मरापर्यंत माफ करावं नही." गजेंद्र खूश होऊन टाळ्या वाजवू लागला. मंदा थांबली. मग वळली, दलसुखभाईंकडे. "पन हाऊ मानूस फाटकवर व्हता. रोज व्हता. शिव्या देवाले माले तो समोर व्हता. तुम्ही कोठे व्हतात, साहेब? पूलना शब्द तुम्ही देयेल व्हता. तुम्हले शिव्या देवाले मी कोनता गावले जाऊ?"

दलसुखभाईंना अहिराणी कळत नव्हती. ते हसत मान हलवत राहिले. मांडवाला मात्र सगळं कळलं. असा गलका उठला की गजेंद्रनं माइकची वायर ओढून काढली. खुर्च्या उडाल्या. कुणीतरी हारासकट मशीन खाली ढकललं. दलसुखभाई मागच्या बाजूनं गाडीत बसून निघून गेले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण लोक पेटले होते आणि आमदार हातातून निसटला होता. लोटू तिथंच होता. त्याला मारलं ते आमदाराच्या पोरांनी नाही, आमच्या मिलच्या माणसांनी. वर्षानुवर्षांच्या बुडालेल्या पाळ्या त्या दिवशी वसूल केल्या. मी मंदाला आणि कलाबाईला गर्दीतून बाहेर काढत होतो. कलाबाई किंचाळत होती आणि मंदा तिचा दंड धरून तिला ओढत होती. परत आलो तेव्हा लोटू धुळीत बसलेला, एक हात कोपरातून भलतीकडेच वळलेला.

शेठनं त्याला हात बरा व्हायच्या आत काढून टाकलं. "राजकारण करायचं तर बाहेर कर," एवढंच म्हणाला. फळ्यावर दुसरा माणूस बसला. तोही भोंगा झाला की कुलूप घालू लागला.

दलसुखभाई पडले. लोटूच्या पत्र्यामुळे पडले असं म्हणणारे आहेत, पण त्या वर्षी सगळीकडे वाराच तसा होता. नवे आमदार आले, हार घेतले, पुलाचा शब्द दिला. लोटूनं प्लॅस्टरातल्या हातानं पत्र्यावर नवं नाव रंगवलं.

"अरे, त्यांना वर्षभर तरी दे," टपरीवाला म्हणाला.

"मिलमध्ये नव्या माणसाला वर्षभर फाटक उघडं ठेवत होते का?"

त्याच वर्षी महापालिकेची निवडणूक लागली. बायकांसाठी राखीव जागा निघाल्या होत्या आणि पक्षांना उमेदवार सापडत नव्हत्या. मांडवातलं भाषण ऐकलेले लोक मंदाकडे आले. ती नको नको म्हणत उभी राहिली आणि निवडून आली. धागे कापणारी बाई नगरसेविका झाली. आमच्या गल्लीत फटाके फुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या पत्र्यावर आमदाराच्या नावाखाली आणखी एक खिळा ठोकलेला होता आणि वर लिहिलं होतं: मंदाताई.

लोकांना वाटलं, आता ही बाई त्याला जोड्यानं मारेल. मंदा आली, पत्रा वाचला, दोरीचा नवा बिल्ला उचलला आणि स्वतःच्या हातानं खिळ्याला अडकवला. लोटू तिथंच स्टुलावर बसला होता. त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही. मग रोज सकाळी ती तशीच यायची, बिल्ला लावायची आणि कामाला निघायची. जवळपास वर्षभर हे चाललं. एक शब्द नाही. ती आली की लोटू घड्याळाकडे बघायचा आणि ती चप्पल जरा जोरात आपटत जायची.

मग एका उन्हाळ्यात तिचा खिळा रिकामा राहू लागला. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. लोटू रोज लिही: खाडा. टपरीवर कुजबुज सुरू झाली. "बसली बाई गाडीत." "खुर्चीचा गुणच तो." मला खरं काय ते माहीत होतं. माझी वहिनी बाळंतपणात अडली होती. मंदा तिच्याबरोबर सिव्हिल हॉस्पिटलात दोन दिवस बसून होती, आणि तिथून सुटली ती पाण्याच्या लाइनीसाठी महापालिकेच्या ऑफिसात धरणं धरून बसली. पहाटे जायची, अंधार पडल्यावर यायची. चौकाकडून तिची वाटच नव्हती.

आठवड्यानं ती आली. भर दुपारची वेळ, टपरीवर आम्ही चार-पाच जण. पत्र्यावरचे खाडे तिनं वाचले.

"कुठं होतात?" लोटूनं विचारलं. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा तिच्याशी बोलला, आणि तेही टाइमकीपरच्या आवाजात. "काम सांगा. पटलं तर लावतो."

मी म्हणालो, "लोटूभाऊ, त्या माझ्या वहिनीला घेऊन—"

"तू गप बस," मंदा मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "नही सांगाव. तुले तर नहीच सांगाव." ती पुढं झाली. "मन्हा नवरा रूयवर मरना, त्या दिन त्याना खिळावर तू काय लिखं?"

लोटू स्टुलावरून उठला.

"खाडा लिखा ना? तो कामवरच येत व्हता रे. निम्मा अलीकडे, निम्मा पलीकडे पडेल व्हता. आनि तू खाडा लिखा."

मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बसेल, काही बोलेल, रडेल. लोटूनं पत्र्याकडे बघितलं. आणि तो म्हणाला, "भोंग्याच्या आत बिल्ला नव्हता."

मंदा त्याच्या पायाशी थुंकली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा जागेवर नव्हता. या वेळी कुणी फोडला नव्हता. साखळी उघडून, कुलूपकिल्लीसकट, लोटूनंच उतरवला होता. आमदाराचं नाव, मंदाचं नाव, सगळंच गेलं. मी विचारलं तर म्हणाला, "पत्रा गंजला होता." पत्रा मुळीच गंजलेला नव्हता. यापेक्षा जास्त त्याच्या तोंडून कधी निघालं नाही, आणि त्याच्या मनात काय होतं ते मी ओळखल्याचा आव आणणार नाही.

पावसाळ्याआधी तो कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यावर वॉचमन म्हणून लागला आणि तिकडेच खोली घेऊन राहिला. कलाबाई त्याच्याबरोबर गेली नाही. ती मंदाच्या ओसरीवर येणाऱ्या बायांची गाऱ्हाणी ऐकायला बसू लागली. मंदा घरी नसली की कुणाचा नळ, कुणाचं रेशनकार्ड, सगळं डोक्यात ठेवायची आणि संध्याकाळी मंदाला सांगायची. दोघी एका ताटात जेवताना मी पाहिल्या आहेत. लोटूचं नाव त्या घरात कुणी काढत नसे.

अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या सुमारास मी एकदा कामासाठी कतारगामला गेलो होतो. कारखान्याच्या लोखंडी दाराशी लोटू बसलेला दिसला. केस पांढरे, मोडलेला हात जरा आखूड. मी थांबलो. त्यानं बस म्हटलं नाही. बोलायचं म्हणून मी सांगितलं की रेल्वेनं पुलाची आखणी केली, खांबांचे खड्डे खणायला घेतलेत.

"कुणी आणला?"

"मंदाताईंनी. रेल्वेच्या ऑफिसात चकरा मारमारून चपला झिजल्या तिच्या."

मला वाटलं, आता हा चांगलं काही बोलेल.

"उशीर केला," लोटू म्हणाला आणि तिथल्या शेठची मोटार आली म्हणून दार उघडायला उठला.